रिसीव्हर ‘प्रोटेक्ट’ला का जातो: जुळे सोलापुरातल्या एका हॉलचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती, होम थिएटरच्या रिसीव्हरची, म्हणजे आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणाऱ्या पेटीची. आवाज जरा वाढवला की रिसीव्हर टक्‌ करून बंद पडतो आणि समोरचा लाल दिवा उघडझाप करत राहतो. यालाच ‘प्रोटेक्ट’ला जाणं म्हणतात. दुपारी दहा-पंधरा मिनिटांत पडतो, रात्री थोडा जास्त टिकतो. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘याचे वॅट कमी पडतात, मोठा घ्या.’ घरात मोठा रिसीव्हर आणायची तयारीही झाली होती. तो आणला असता तरी बंदच पडला असता, कदाचित थोडा उशिरा. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. रिसीव्हर, अँप (अँप्लिफायर) आणि स्पीकर एकमेकांना जोडताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या एका हॉलमध्ये एकत्र भेटतात, आणि त्यांची साखळी उलट्या बाजूने उलगडत जाते.

काय काय होतं

हॉल २० बाय १३ फुटांचा, उंची १० फूट. १३ फुटी भिंतीवर ५५ इंची टीव्ही, त्याच्यापासून १२ फुटांवर सोफा, सोफ्यामागे जेवणाचं टेबल. खाली व्हिट्रिफाइड फरशी, एका लांब भिंतीला काचेच्या मोठ्या खिडक्या, समोरची लांब भिंत कोरी.

रिसीव्हर ७.२ चॅनेलचा, म्हणजे सात स्पीकर आणि दोन सबवूफर जोडता येणारा. मागच्या पट्टीवर ‘६ ते १६ ओहम’ असं स्पष्ट छापलेलं (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध; आकडा जितका कमी, तितका करंट जास्त). पुस्तिकेत ८० वॅट, पण ते ८ ओहमला आणि दोनच चॅनेल चालू असताना मोजलेले. ही बारीक अक्षरातली ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. पुढचे दोन टॉवर (उंच उभे स्पीकर) ६ ओहमचे, सेंटर ६ ओहमचा, मागचे दोन छोटे सराउंड ८ ओहमचे आणि १० इंची, स्वतःचा अँप असलेला, फक्त बास वाजवणारा सबवूफर. वायर टॉवर आणि सराउंडला पाऊण एमएमची (वायरीत एमएम म्हणजे तांब्याच्या छेदाचे चौरस मिलिमीटर).

शिवाय जुनं सामान होतं: गावातच बांधून घेतलेला दोन चॅनेलचा अँप, ५२००-१९४३ नंबरच्या ट्रान्झिस्टरच्या जोड्यांवरचा, पत्र्याच्या पेटीत, थ्री-पिन वायरचा. त्याच्याबरोबर १२ इंची वूफरचे ८ ओहमचे दोन बॉक्स. जेवताना गाणी ऐकायची म्हणून हे बॉक्स टेबलाजवळ ठेवले होते.

जोडणीचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. आधी जुना अँप जेवणाच्या बाजूला ठेवून रिसीव्हरच्या फ्रंट प्री-आउटमधून (दुसऱ्या अँपला सिग्नल देणाऱ्या आउटपुटमधून) १२ मीटर लांब आरसीए वायर, म्हणजे बारीक सिग्नल नेणारी वायर, त्याला दिली होती. ही जोडणी तत्त्वतः बरोबर होती. पण बॉक्समधून सतत ‘घूंऽ’ असा आवाज येऊ लागला. तो जाईना म्हणून अँप बाजूला काढला आणि दोन्ही बॉक्स अर्धा एमएम वायरने थेट रिसीव्हरच्या फ्रंट टर्मिनलवर, टॉवरच्याच वायरीसोबत, पिळून लावले. घूं थांबली. रिसीव्हर बंद पडायला लागला तो त्यानंतर.

आधी ओहम

पहिला प्रश्न साहजिकच आला, ‘मामा, वॅट खरंच कमी आहेत का ओ?’ मेकॅनिक मामांनी सांगितलं, ‘वॅट राहू द्या बाजूला. आधी ओहम मोजू की.’

सगळ्या पिना भिंतीतून काढल्या. रिमोटने बंद करणं पुरेसं नसतं. रिसीव्हर स्टँडबायला जिवंतच असतो. मग प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून त्यावर नाव लिहिलं आणि रिसीव्हरच्या टोकाकडून सगळ्या सोडल्या. मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर. आधी मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून जो आकडा येतो (०.२ ते ०.४) तो पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा, छोटे ओहम मोजताना हे विसरलं तर हिशेब फसतो. वजाबाकी करून आलेले आकडे:

डावा फ्रंट: ३.०
उजवा फ्रंट: २.९
सेंटर: ४.९
डावा सराउंड: ६.८
उजवा सराउंड: वायर हलवली की कधी ७ च्या आसपास, कधी मीटरवर काहीच नाही

मीटर डीसी रेझिस्टन्स (एकाच दिशेच्या करंटला होणारा विरोध) दाखवतो, स्पीकरवर छापलेला इंपिडन्स (गाणं वाजताना होणारा विरोध) नाही. चांगल्या ८ ओहम स्पीकरला मीटरवर साधारण साडेपाच ते सात येतात, ६ ओहमला चार ते पाच, ४ ओहमला तीन ते साडेतीन. म्हणजे ६ ओहमच्या टॉवरच्या जागी ३ दिसणं ही सरळ धोक्याची खूण. जुने बॉक्स सोडवून वेगळे मोजले तेव्हा एकटा टॉवर वायरीसकट ५.० आणि एकटा बॉक्स त्याच्या १४ मीटर बारीक वायरीसकट ७.३ आला. दोन्ही समांतर: ५.० गुणिले ७.३, भागिले १२.३, बरोबर ३.०. कोडं सुटलं.

छापील आकड्यांनी केलं तरी तेच. टॉवर ६ अधिक वायर ०.३, बॉक्स ८ अधिक वायर १.१, समांतर केल्यावर ३.७ ओहम. आणि हा ‘नाममात्र’ आकडा आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार स्पीकरचा इंपिडन्स काही सुरांना छापील आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत खाली जाऊ शकतो, आणि तो खाली जातो तो बहुतेक वेळा बासच्या आसपास, म्हणजे नेमका जिथे जोर लागतो तिथे.

याचा वॅटशी संबंध असा. आवाजाचं बटण फिरवतो तेव्हा आपण व्होल्ट वाढवत असतो. त्या व्होल्टला किती करंट वाहायचा हे स्पीकर ठरवतो. २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर २.५ अँपिअर घेतो. त्याच २० व्होल्टला ३.७ ओहम ५.४ अँपिअर मागतात, दुपटीहून जास्त. हा सगळा करंट आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जातो, ते तापतात, आणि रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी रिले, म्हणजे आतला विजेवर चालणारा स्विच, उघडून स्पीकर तोडतो. तो ‘टक्‌’ आवाज रिलेचा. रिसीव्हर अगदी चोख काम करत होता.

मेनूत ४ ओहम निवडायची सोय असते, ती लावून पाहू का, असं विचारलं गेलं. ती सेटिंग बहुधा आतला पुरवठा कमी करते किंवा आउटपुटला लगाम घालते. उष्णता कमी होते, पण ताकदही जाते. दोन स्पीकर एका टर्मिनलवर ठेवायची परवानगी म्हणून तिच्याकडे पाहू नये. दोन्ही सिरीजमध्ये लावले तर १४ ओहम होऊन रिसीव्हर सुरक्षित राहील हे खरं, पण दोन वेगळ्या जातीचे स्पीकर सिरीजमध्ये एकमेकांचा सूर बिघडवतात. टॉवरवर पैसे घालून मग तसं करण्यात अर्थ नाही.

एक धागा

ओहमचं कारण सापडलं म्हणून तपास तिथेच थांबवला नाही हे चांगलं झालं. सेंटरच्या टर्मिनलवर टॉर्च धरून पाहिलं तर काळ्या वायरीतून सुटलेला तांब्याचा एकच धागा, केसाएवढा, शेजारच्या लाल टर्मिनलच्या कडेला टेकला होता. दिवसा नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नव्हता. वायर थोडी हलवली की टेकायचा, पुन्हा सुटायचा.

आता दोन संशयित होते, आणि दोन्ही एकदम दुरुस्त केले असते तर खरा दोषी कळला नसता. आधी फक्त धागा काढला, टोक नव्याने सोलून पीळ देऊन घट्ट बसवलं, बाकी सगळं जसंच्या तसं. त्याच आवाजाला, त्याच गाण्यांवर चालवलं: वीस मिनिटांत बंद. मग फक्त जुने बॉक्स सोडले: तासभर चालला, बंद पडला नाही. म्हणजे रोजचा त्रास ओहमचा होता. धागा मात्र एखाद्या दिवशी आउटपुटच घेऊन गेला असता.

वायर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जास्त सोलू नये, पीळ घट्ट द्यावा, आणि जमल्यास बनाना प्लग लावावेत. प्लगच्या मागून एकही धागा बाहेर दिसता कामा नये. उजव्या सराउंडचं दुखणंही याच जातीचं निघालं: सोफ्यामागे वायर जोडून नुसती काळी टेप गुंडाळलेली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो, टेप सरकते, पीळ सैल होतो. स्पीकर वायरीला मध्ये जोड नकोच. द्यावा लागलाच तर डाख देऊन त्यावर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारी नळी).

दुपारी लवकर पडण्याचं कारण शोकेसमध्ये होतं. रिसीव्हर बंद कप्प्यात, वर दोन बोटांची जागा आणि त्याच जाळीवर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला. बऱ्याच रिसीव्हरच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात बाहेर ४० च्या वर पारा असताना एसी नसलेल्या हॉलचा कप्पा त्याच्या पलीकडेच जातो. कप्प्याची मागची फळी काढली, सेट-टॉप बॉक्स शेजारी हलवला, वर १० सेंटिमीटरहून जास्त जागा मोकळी केली.

घूं कुठून येते

बॉक्स टॉवरपासून सोडवले तर जेवणाच्या टेबलाजवळची गाणी गेली. ती परत आणायची तर जुना अँप पुन्हा जोडायला हवा, आणि तो जोडायचा तर घूं घालवायला हवी. सगळ्या प्रकरणाची गाठ इथे होती. घूं मुळे बॉक्स टॉवरवर आले, त्यामुळे ओहम पडले, त्यामुळे प्रोटेक्ट. पहिल्या टप्प्यावर घूंचं मूळ शोधलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

घूं शोधायची पद्धत एकच: एका वेळी एक जोड. जुना अँप नुसता चालू केला, इनपुटला काही नाही, इनपुटच्या आरसीए सॉकेटची आतली नळी आणि बाहेरचं कडं एकमेकांना जोडलेलं. वूफरला कान लावला तरच किंचित ऐकू येईल एवढीच घरघर. म्हणजे अँप निर्दोष. रिसीव्हरची आरसीए लावली: घूं. टीव्हीची एचडीएमआय काढली: घूं तशीच. सेट-टॉप बॉक्सच्या मागची डिशची वायर काढली: एकदम शांत.

डिशच्या वायरीचं बाहेरचं जाळीदार वेष्टण गच्चीवरच्या लोखंडी स्टँडला आणि तिथून इमारतीच्या सळ्यांना टेकलेलं असतं. अँपची पेटी थ्री-पिनमधून घराच्या अर्थिंगला. दोन ठिकाणच्या जमिनींमध्ये थोडे जरी व्होल्ट असले तरी ते आरसीए वायरीच्या वेष्टणातून वाहतात आणि ५० हर्ट्झची घूं म्हणून ऐकू येतात. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

इथे ते व्होल्ट ‘थोडे’ नव्हते. वायरमनला बोलावून बोर्डवर मोजलं: फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ १९६, न्यूट्रल-अर्थ ३१. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसलं की अर्थिंगवर संशय घ्यावा. ३१ म्हणजे अर्थिंग नावापुरतीच. फ्रिज, वॉशिंग मशीन यांची गळती अर्थच्या वायरीत येते, पण ती जमिनीत उतरत नाही, म्हणून ती वायरच तरंगत राहते. कंपाउंडजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाहिलं तर नळीवरचा क्लॅम्प गंजून सैल झालेला आणि भोवतीची काळी माती वाळून बोटभर भेगा पडलेल्या. काळी माती सुकली की आकसते आणि नळीपासून सुटते. उन्हाळ्यात अर्थिंग कमजोर होण्याचं सोलापुरातलं हे अगदी नेहमीचं कारण. क्लॅम्प घासून नवीन नट-बोल्टने आवळला, खड्डा भरपूर पाण्याने भिजवला. दुसऱ्या दिवशी २२८, २२६, २. हे काम वायरमनचंच आहे, घरच्या घरी करू नये. आणि उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

याच कारणाने आधी रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या यायच्या. अशा अवस्थेत चालू उपकरणात एचडीएमआयची पिन घालणं पोर्ट जाळायला पुरेसं ठरू शकतं. एचडीएमआय नेहमी दोन्ही बाजूंची वीज बंद करूनच लावावी.

अर्थिंग झाल्यावर घूं बरीच कमी झाली, संपली नाही. मग अँप जेवणाच्या बाजूवरून शोकेसच्या खालच्या कप्प्यात आणला. आरसीए १ मीटरची झाली, अँप आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर आले. लांब जायचंच असेल तर स्पीकरची वायर लांब न्यावी, आरसीए लांब नेऊ नये. आरसीएमधला सिग्नल व्होल्टाच्या आसपासचा, वाटेत आलेला कचरा पुढे अँप तीसेक पट मोठा करतो. स्पीकर वायरीत तो प्रश्न येत नाही.

उरलेली बारीक घूं आरसीए आयसोलेटरने गेली. ही १:१ चे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असलेली डबी. सिग्नल जातो, जमिनीची जोड तुटते. स्वस्तातला आयसोलेटर अगदी खालचा बास थोडा खातो, जेवणाच्या बॉक्ससाठी ते चालतं. इथे एक सावधगिरी: केबल टीव्हीच्या वायरीत लावायचा आयसोलेटर डिशच्या वायरीत लावू नये. डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातात. आयसोलेटर ते अडवतो आणि सगळे चॅनेल जातात.

घूं घालवायला थ्री-पिनची अर्थची पिन कापतात, ती मात्र कधीच कापू नका. घूं जाते हे खरं. पत्र्याच्या पेटीत उद्या फेज टेकली तर ती पेटी हात लावणाऱ्याचा जीव घेते.

जुना अँप कशाला जोडायचा

सल्ला असा आला होता की जुना दणकट अँप टॉवरला लावा, रिसीव्हरवरचा भार कमी होईल. कागदावर बरोबर, इथे चूक. गावात बांधलेल्या अँपमध्ये बहुधा स्पीकर प्रोटेक्शन नसतं. एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पुरवठ्याचे सगळे डीसी व्होल्ट थेट वूफरवर जातात आणि कॉइल जळते. म्हणून काहीही जोडण्याआधी अँपच्या स्पीकर टर्मिनलवर, गाणं बंद असताना, डीसी मिलिव्होल्ट मोजावे. ५० च्या आत असलेलं बरं. इथे डाव्या बाजूला २२, उजव्या बाजूला १४० आले. मामांनी उजव्या इनपुटचा गळका कपॅसिटर बदलला, आकडा ३० वर आला. वर रिलेवालं प्रोटेक्शन बोर्डही बसवलं.

तरीही टॉवर रिसीव्हरवरच ठेवले. ६ ओहमचा टॉवर चालवण्यासाठीच तो रिसीव्हर बनला आहे. जुना अँप जुन्या बॉक्सलाच दिला, सिग्नल फ्रंट प्री-आउटमधून. या रिसीव्हरमध्ये प्री-आउट आणि फ्रंट टर्मिनल दोन्ही एकाच वेळी चालू राहतात, बहुतेकांत तसंच असतं. आवाज रिसीव्हरच्या रिमोटनेच कमी-जास्त होतो, जुन्या अँपचं बटण एका खुणेवर ठेवायचं. सिनेमा पाहताना अँप बंदच ठेवावा: संवाद सेंटरला जातात, बॉक्सला फक्त डावं-उजवं मिळतं, आणि पाठीमागून पुढचा आवाज आला तर पडद्यावरची दिशा बिघडते.

चालू करताना आधी रिसीव्हर, मग अँप. बंद करताना आधी अँप. उलट केलं तर ‘धप्‌’ असा दणका बसतो.

वायरीचा हिशेब

नियम सोपा: वायरीचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. तांब्याच्या लवचिक वायरीला मीटरमागे अर्धा एमएमला ०.०३९, पाऊणला ०.०२६, दीडला ०.०१३३ आणि अडीचला ०.००८ ओहम धरावे. बॉक्सच्या १४ मीटर अर्ध्या एमएमला जाऊन-येऊन २८ मीटर, म्हणजे १.१ ओहम, ८ ओहमच्या ५ टक्के म्हणजे ०.४, त्याच्या जवळजवळ पावणेतीन पट. तीच दीड एमएमला ०.३७. टॉवरला ६ मीटर दीड एमएम ०.१६, मर्यादा ०.३. सराउंडला सर्वांत लांब १२ मीटर, ०.३२, मर्यादा ०.४. सगळीकडे दीड एमएम पुरतं. अडीचची गरज नाही.

एकूण ६४ मीटर जोडी लागली. म्हणून घराच्या वायरिंगची साधी तांब्याची मल्टिस्ट्रँड दीड एमएम, लाल एक आणि काळी एक, ९० मीटरच्या दोन गुंडाळ्या. दोन्ही एकमेकींवर सैलसर पीळ देऊन ओढल्या. महागडी ‘ऑडिओ’ वायर घेण्याचं कारण नाही, आणि डाव्या-उजव्याची लांबी तंतोतंत सारखी असायचीही गरज नाही. फक्त विजेच्या पाइपमधून स्पीकर वायर कधीच ओढू नये. विजेच्या वायरीला ओलांडायचं तर काटकोनात.

नवी वायर ओढताना उजवा टॉवर उलटा लागलेला सापडला: लालच्या जागी काळी. दोन टॉवर उलटसुलट असले की एकाचा कागद पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि बास हवेतच एकमेकांना खाऊन टाकतो. तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो: वायरीच्या रिसीव्हरकडच्या टोकाला क्षणभर टेकवायचा, लालला अधिक, वूफर बाहेर आला पाहिजे.

सबवूफर आणि सेटिंग

‘सबवूफर बंदच आहे’ ही दुसरी तक्रार पाच मिनिटांची निघाली. वायर बरोबर होती, पण मेनूत टॉवर ‘लार्ज’ होते. त्यामुळे स्टीरिओ गाण्यांचा सगळा बास टॉवरलाच जात होता आणि सबला फक्त सिनेमातल्या वेगळ्या एलएफई (फक्त खोल बासच्या) चॅनेलची वाट पाहावी लागत होती. टॉवर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ, सेंटर ८०, सराउंड १००, एलएफई १२०. सबवरचं क्रॉसओव्हर बटण पूर्ण वर, कारण ते काम आता रिसीव्हर करतो. दोघांनी एकच काम केलं की मधला बास पडतो. टॉवर कितीही उंच असोत, ‘स्मॉल’ हा शब्द कमीपणाचा मानू नये: सर्वांत जास्त करंट बास घेतो, तो सबकडे गेला की रिसीव्हर गार राहतो.

सेट-टॉप बॉक्स थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला, रिसीव्हरचं आउटपुट टीव्हीच्या एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणाऱ्या) लिहिलेल्या पोर्टला. सेट-टॉप बॉक्सच्या आवाजाची सेटिंग पीसीएमवरून डॉल्बीवर, टीव्हीचीही ऑटोवर. आधी ५.१ चे चॅनेलही दोनच स्पीकरसारखे येत होते, ते यामुळे. सेंटर कप्प्यात आत ढकललेला होता. पुढच्या कडेला आणून खाली रबर देऊन कानाकडे तिरका केला. संवाद स्पष्ट व्हायला यापेक्षा जास्त काही लागलं नाही.

टॉवर मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ३० अंशांच्या थोडे आत बसले, सराउंड ११० अंशांवर, कानाच्या दीड फूट वर. कॅलिब्रेशन, म्हणजे रिसीव्हरने माइकवर ऐकून स्वतःची सेटिंग ठरवणं, सकाळी सहाला, पंखा आणि एसी बंद करून, माइक स्टँडवर कानाच्या उंचीला. माइक सोफ्याच्या गादीवर ठेवू नये. रिसीव्हरने सबचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा मीटरभर जास्त दाखवलं. ते सबमधल्या फिल्टरच्या विलंबामुळे असतं, ‘दुरुस्त’ करू नये. सबची पातळी उणे १२ वर जाऊन टेकली होती. हा आकडा टोकाला टेकला की खरी पातळी त्याच्याही पलीकडे असते, म्हणून सबचं मागचं बटण कमी करून पुन्हा चालवलं. मग उणे ४ आलं.

हॉलमध्ये टाळी वाजवली की कोरी भिंत आणि काच यांच्यामध्ये ‘टर्रर्र’ असा नाद उठायचा. कोऱ्या भिंतीवर, टॉवरचा आवाज जिथे पहिल्यांदा आपटतो तिथे, दोन जाड सोलापुरी चादरी चुण्या घालून भिंतीपासून चार बोटं पुढे टांगल्या, खिडक्यांना जाड पडदे. टाळीचा नाद गेला, संवादातली ‘स’ आणि ‘च’ ची धार मऊ झाली. बासवर याचा काहीही परिणाम होत नाही. तो सब कोपऱ्यातून दोन फूट बाहेर घेतल्यावर सावरला.

नंतर

पूर्वी जिथे बंद पडायचा त्याहून जास्त आवाजाला, भर दुपारी, दीड तास चालवून पाहिलं. पडला नाही, वरच्या जाळीवर तळहात आरामात टेकवता येत होता. नवा रिसीव्हर घेतला नाही. वायर, प्लग, आयसोलेटर, कपॅसिटर आणि प्रोटेक्शन बोर्ड एवढाच सामानाचा खर्च.

एक गोष्ट अजून व्हायची आहे. वीज गेली की हॉलचा बोर्ड इन्व्हर्टरवर जातो आणि तो जुना स्क्वेअर वेव्हचा आहे. त्यावर रिसीव्हर आणि अँप दोन्ही भुणभुणतात, ट्रान्सफॉर्मर विनाकारण तापतात. शोकेसचा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवरून वेगळा काढायचा ठरलं आहे; तोपर्यंत वीज गेली की दोन्हीची बटणं भिंतीवर बंद. रिसीव्हरचे दोन चॅनेल मोकळे आहेत, तिथे पुढे छतातले दोन स्पीकर लावायचा विचार आहे. ते ८ ओहमचे घ्यायचे, त्याच दीड एमएमने प्रत्येकी आपापल्या टर्मिनलवर जोडायचे, आणि त्यासाठी पीओपी करतानाच वेगळा पाइप टाकून ठेवायचा.